शालेय इमारत कर्जरोखे
सार्वजनिक शाळांच्या इमारतींसाठी मतदारांच्या संमतीने उभारलेले दीर्घ मुदतीचे कर्ज. अमेरिकेत ते मालमत्ता-करातून फेडतात. कॅलिफोर्नियात २००० सालापासून दोन-तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मते पुरतात. भारतात ही प्रथा नाही. जालना जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१) जिल्हा परिषदेच्या शाळांचे बांधकाम मुख्यत्वे शासकीय अनुदानावर चालते. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व तिने केलेला विकास आराखडा अनुदानाचा आधार मानला जातो. तथापि कर बसविण्याचा वा कर्ज काढण्याचा अधिकार तिला नाही. छत गळते हे पालक नोंदवितात, दुरुस्तीस पैसा केव्हा मिळेल हे मात्र इतरत्र ठरते. अर्थात कोरडवाहू, अल्प मालमत्तेच्या गावांत कर्जरोख्यांनीही फारशी रक्कम उभी राहणार नाही.