टायरची परीक्षा जुलैमध्ये

गाडी आणि रस्ता : भाग ७

मागच्या भागात ब्रेकबद्दल लिहिताना एक गोष्ट या भागासाठी राखून ठेवली होती. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. स्लाव्हिया किंवा व्हर्टससारखी जोरकस गाडी घेतलेले लोक पहिल्यांदा टायर बदलायला जातात तेव्हा ‘परफॉर्मन्स टायर’ची चौकशी करतात. दुकानात सगळं बोलणं ग्रिपबद्दल होतं आणि त्या वेळी डोळ्यांसमोर असतो कोरडा रस्ता. माझं मत वेगळं आहे. चांगल्या कंपनीचा, योग्य मापाचा कुठलाही टायर मार्च महिन्यातल्या एक्स्प्रेसवेवर गाडी नीट धरून ठेवतो. टायर-टायरमधला फरक उघडा पडतो तो जुलैत, ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वळणावर. म्हणून आपल्याकडे हा टायर आधी पाण्यासाठी निवडावा, कोरड्यासाठी नंतर.

पाण्याचा हिशोब एकदा मांडून बघा. या गाड्यांवर २०५/५५ आर १६ हे माप असतं, म्हणजे टायरची रुंदी साधारण २०५ मिलिमीटर. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चाललीये असं धरलं, तर एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला तेरा-चौदा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम पंधरा सेंटिमीटर लांब असतो. तेवढं अंतर या वेगात सेकंदाच्या सातेक हजारांश भागात संपतं. त्या वेळात पाणी खोबणीत शिरलं नाही, तर ते टायरच्या पुढे साठतं, त्याची पाचर टायरखाली घुसते आणि रबर रस्त्यावरून उचललं जातं. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, इंजिनचे फेरे विनाकारण चढतात. अशा वेळी ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं.

म्हणून टायर घेताना सगळ्यात आधी गोल फिरणाऱ्या उभ्या खोबणी बघाव्यात. त्या रुंद हव्यात, तीन किंवा चार हव्यात. आडव्या चिरा त्या उभ्या खोबणींतलं पाणी कडेपर्यंत नेतात, त्यांच्या वाटा कडेला बंद झालेल्या नसाव्यात. बाणासारखी नक्षी असलेले टायर पाणी छान फेकतात, पण ते एकाच दिशेने फिरवावे लागतात आणि डावे-उजवे अदलाबदल करता येत नाहीत. आत-बाहेर वेगवेगळी नक्षी असलेला टायर मला जास्त पटतो. त्याची बाहेरची कड भरीव असते, ती कोरड्या वळणावर गाडी तोलते, आणि पाण्याचं बरंचसं काम आतला भाग करतो. बसवताना साइडवॉलवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आहे ना, याची मात्र स्वतः खात्री करून घ्यावी.

नक्षी डोळ्यांना दिसते, रबर दिसत नाही, आणि ओल्यातली निम्मी करामत तिथेच आहे. पूर्वी रबराला बळकटी द्यायला कार्बन ब्लॅक वापरत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलॅंने त्यातला बराच भाग सिलिकाने बदलला. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढली आणि टायर फिरवायला लागणारी ताकदही कमी झाली. आधी यातलं एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागे. आजच्या चांगल्या परफॉर्मन्स टायरमध्ये सिलिकाचं प्रमाण मोठं असतं.

दुकानात हे ओळखायचं कसं? साइडवॉलवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असं अक्षर असलं तर ते वाचा. ही अमेरिकन प्रतवारी ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर टायर ओढून ठरवतात. ती सरळ रेषेतल्या पकडीबद्दल सांगते, वळणाबद्दल काही सांगत नाही. त्याच मॉडेलचं, अगदी त्याच मापाचं युरोपीय लेबल इंटरनेटवर मिळालं, तर त्यातली ओल्या पकडीची श्रेणी बघा. तिथे ए सर्वांत चांगली आणि ई सर्वांत खालची. आपल्याकडच्या स्टार लेबलवर मात्र पकडीसाठी विसंबू नका. ते स्टार इंधनबचतीचे आहेत.

‘ट्रेडवेअर २००’ लिहिलेले अतिमऊ टायर हल्ली हौसेने मागवले जातात. चेन्नई किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर कोरड्यात ते अप्रतिम वागतात. पण त्यांच्यात खोबणी कमी असतात, ते गरम झाल्यावरच पूर्ण पकड देतात आणि भराभर झिजतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या, शनिवारी कोकणात उतरणाऱ्या गाडीला ते घालू नयेत.

रुंदी वाढवण्याच्या मोहाबद्दलही तेच सांगेन. २०५/५५ आर १६ काढून २२५/४५ आर १७ बसवला तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहते, गाडी दिसते देखणी, कोरड्यात वळतेही नेमकी. पण २० मिलिमीटर जादा रुंदीखालचं पाणीही सारावं लागतं, म्हणजे गाडी कमी वेगात पाण्यावर चढते. शिवाय साइडवॉल सेंटिमीटरभर बुटकी होते. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि त्यात आपटल्यावर फुगा येतो तो याच साइडवॉलला. मूळ मापात वरच्या दर्जाचा टायर घ्या. पैसे रुंदीवर घालवू नका, रबरावर घाला.

आता हवेचं. ‘पावसात दोन-चार पॉइंट हवा कमी ठेवा, ग्रिप वाढते’ हा सल्ला पंपापंपावर मिळतो आणि तो धोक्याचा आहे. १९६० च्या दशकात नासामध्ये वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर काम करून एक सोपं सूत्र मांडलं : हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयचं, वर्गमूळ काढा आणि त्याला १०.३५ ने गुणा. साचलेल्या पाण्यावर टायर पूर्ण तरंगू लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, २५ पीएसआयला सुमारे ८३. मोटारीचा रुंद टायर याहून कमी वेगातही चढू शकतो, त्यामुळे हे आकडे सुरक्षित मर्यादा समजू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे. हवा कमी झाली की धोका लवकर येतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब, टायर थंड असताना, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तपासा.

हे सारं नक्षी शिल्लक असेपर्यंत. नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोल असतो आणि नियमाने १.६ मिलिमीटरपर्यंत चालवता येतो. ही कायद्याची हद्द झाली. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कोरड्यात उत्तम वागतो, म्हणून मालकाला संशयही येत नाही, आणि साचलेल्या पाण्यात तोच टायर हात टेकतो. डेप्थ गेज स्वस्तात मिळतो. मे महिन्यात चारही टायर मोजा आणि ३ च्या आसपास असतील तर जूनच्या आधी बदला. घेताना साइडवॉलवरचे चार आकडेही वाचा : २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.

दोनच टायर बदलायचे असतील तर बहुतेक दुकानदार नवी जोडी पुढे बसवतात, कारण आपल्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात आणि पुढचे टायर आधी झिजतात. त्यांना आग्रहाने सांगा, नवी जोडी मागे. पुढची चाकं पाण्यावर चढली तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय काढला की वेग उतरतो आणि स्टिअरिंग पुन्हा हाती येतं. मागची चढली तर गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, आणि घाटातल्या अरुंद रस्त्यावर ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पुढे जाणारी जुनी जोडी मात्र ३ मिलिमीटरच्या वर असायला हवी, नाहीतर चारही बदला.

पुढच्या भागात व्हील अलाइनमेंट, आणि टायर एकाच कडेने का खातो ते.