डोकं लहान का राहतं? प्रयोगशाळेतल्या ‘मेंदू’बद्दलचे गैरसमज

बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत मूल लहान डोक्याचं जन्मलं की आजही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो: ग्रहण पाळलं होतंस का, त्या वेळी काही चिरलं-कापलं होतंस का? दुसरीकडे, ‘प्रयोगशाळेत माणसाचा मेंदू वाढवला’ अशी बातमी मोबाइलवर आली की लोक बिचकतात. गर्भपातातले गर्भ वापरून काहीतरी अघोरी चाललंय, असा समज होतो. हे दोन्ही गैरसमज एकत्र तपासायला हवेत, कारण ज्या संशोधनाची भीती वाटते, त्याच संशोधनाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मोठी मदत केली आहे.

२०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकॅस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मेंदूचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून वाढवलेले मेंदूसदृश छोटे गोळे, तयार केले. एका प्रयोगासाठी त्यांनी जन्मतः लहान डोकं असलेल्या एका रुग्णाच्या त्वचेच्या पेशी घेतल्या. जपानच्या शिन्या यामानाका यांनी दाखवलेल्या पद्धतीने त्या पेशी पुन्हा मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) अवस्थेत नेल्या. म्हणजे इथे गर्भाची गरजच पडली नाही. मग पेशींचे गोळे जेलीसारख्या थेंबात ठेवून, पोषक द्रवात सतत फिरवत वाढवले. दोनेक महिन्यांत ते फार तर चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे होतात. निरोगी पेशींच्या गोळ्यात मूळच्या पेशी आधी दुपटीने वाढत राहतात आणि नंतर त्यांतून चेतापेशी घडतात. रुग्णाच्या गोळ्यात त्या घाईने चेतापेशी बनल्या, मूळचा साठा लवकर आटला आणि गोळा खुजा राहिला. कारण होतं सीडीके५आरएपी२ या जनुकातला बिघाड. उंदरात हेच जनुक बिघडवलं तरी मेंदू माणसातल्या रुग्णाइतका खुजा राहत नाही. म्हणून माणसाच्याच पेशी लागल्या.

हा गोळा विचार करत असेल, त्याला दुखत असेल, ही शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना काही महिन्यांच्या ऑर्गनॉइडमध्ये विद्युत लहरी आढळल्या, आणि त्यांची काही वैशिष्ट्यं अकाली जन्मलेल्या बाळांच्या मेंदूलहरींशी जुळली. पण लहरी म्हणजे जाणीव नव्हे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. या गोळ्यात त्याच्या नगण्य अंशाएवढ्या पेशी. त्याला डोळे-कान जोडलेले नाहीत, शरीर नाही, रक्तवाहिन्याही नाहीत, त्यामुळे मोठा झाला की आतला गाभा मरू लागतो. त्याला ‘मेंदू’ म्हणणंच चूक आहे. तरीही २०२२ मध्ये असे गोळे उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत रुजवून दाखवण्यात आले, त्यामुळे नैतिक मर्यादा आजच ठरवायला हव्यात, हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे. वर सांगितलेल्या प्रकारात बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि दुसरी वडिलांकडून; दोष एकट्या आईचा असूच शकत नाही. दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही बिघडलेली एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि जवळच्या नात्यात दोघंही एकाच बिघाडाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. अर्थात अशा प्रत्येक लग्नात असं होत नाही, आणि लहान डोक्याचं कारण नेहमी जनुकच असतं असंही नाही. डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूनेही हे घडतं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ऑर्गनॉइडवरच दाखवलं की संसर्गाने त्यांची वाढ खुंटते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. गरोदर बाईने ग्रहणापेक्षा डासांपासून जपलं पाहिजे.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडतो: यातून लवकरच उपचार मिळेल. ऑर्गनॉइड कारण दाखवतो. जन्मलेल्या मुलाचा मेंदू वाढवत नाही. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली कुणी लाखो रुपये मागत असेल तर शेत गहाण ठेवू नका. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांना मूल दाखवा, आणि पुढच्या गरोदरपणाआधी नवरा-बायको दोघंही जनुकीय सल्ला घ्या.