बटाटा जमिनीखालीं कसा पोसतो?

उपवासाच्या दिवशीं बटाटा आणि रताळें हीं दोन्ही एकाच ताटांत येतात, व आपण दोहोंनाही कंदमुळें म्हणून मोकळे होतों. परंतु या सामासिक शब्दांतील कंद निराळा आणि मूळ निराळें. रताळें हें खरोखरीचें मूळ होय. बटाटा हा मात्र खोडाचाच प्रकार आहे. त्याच्या अंगावर ज्यांना आपण डोळे म्हणतों, ते खोडावरील अंकुरच होत. झाडाच्या बुडाशीं निघालेल्या कांहीं फांद्या मातींतून आडव्या जातात, आणि त्यांचें टोंक फुगून बटाटा होतो.

हें टोंक केव्हां फुगावें, हें कोण ठरवितें? वाचकांस नवल वाटेल, पण हा निर्णय पानें करितात. बटाट्याचें मूळस्थान दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. तेथील जुन्या जाती दिवस लहान झाल्यावांचून नीट कंद धरीत नाहींत. अशा वेळीं पानांतील एसपी६ए नांवाचें जनुक जागें होतें. त्यापासून घडलेलें प्रथिन अन्नरसाच्या नलिकांतून खालीं उतरतें, आणि लांबी वाढविण्याचें सोडून सांठा करण्याचा निरोप त्या टोंकास पोंचवितें. हें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. विशेष हें कीं, झाडास फुलें आणणारें प्रथिन याच कुळांतील आहे. एक भावंड शेंड्यावर फूल आणतें, दुसरें मातींत कंद धरवितें.

मग युरोपांतील उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत बटाटा पिकला कसा? मोठ्या दिवसांत हा निरोप अडविणारी एक साखळी झाडांत असते. सीडीएफ१ या जनुकांत घडलेल्या कांहीं फरकांमुळें ती सैल झाली, असा उलगडा २०१३ सालीं झाला.

निरोप मिळाला कीं पानांत तयार झालेली साखर टोंकाकडे वाहूं लागते व तेथील पेशींत तिचे पिष्टकण होतात. रताळ्याची रीत वेगळी. वेलाच्या ज्या मुळांत लाकूडपणा लवकर येतो, तें बारीकच राहतें. ज्यांत तो रोखला जाऊन पेशी विभागत राहतात, तें पोसतें.

या ज्ञानाचा शेतकऱ्याच्या पोटाशीं निकट संबंध आहे. उष्णतेनें एसपी६एचें कार्य मंदावतें. पाला जोमदार दिसतो, पण खालीं कंद धरत नाहींत. उत्तर भारताच्या मैदानांत हें पीक हिंवाळ्यांत घेतात, त्याचें कारण हेंच. हवामान तापत चाललें असतां ही अडचण वाढणार. २०१९ सालीं जर्मनींतील संशोधकांना असें आढळलें कीं, उष्णतेंत एक लहानसा रेणू हा निरोप पानांतच खोडून टाकतो. त्या रेणूस आवर घातल्यास झाड उष्ण हवेंतही कंद धरतें. असें वाण शेतांत कसें ठरेल, हें पाहणें अजून बाकी आहे. परंतु दिशा सांपडली आहे, असें आम्हांस वाटतें.

गृहिणींस एक सूचना करून आम्ही थांबतों. बटाटा खोड असल्यामुळें उजेडांत ठेवल्यास हिरवा होतो, आणि त्याबरोबर त्यांत सोलानिन हें विषारी द्रव्यही वाढतें. शिजविल्यानें तें फारसें जात नाहीं. म्हणून बटाटे अंधारांत व हवेशीर जागीं ठेवावे, थोडा हिरवा भाग खोल कापून टाकावा, आणि फार हिरवा झालेला बटाटा मुलांच्या पानांत वाढूं नये.