बुखारी धुमसते तेव्हा

काश्मीर-लडाखकडच्या घरांत हिवाळा निघतो तो पत्र्याच्या बुखारीवर. खोलीत धूर भरू लागला की आधी तिलाच नावं ठेवली जातात आणि नवी आणायची भाषा सुरू होते. खरं तर लाकडावरच्या बुखारीत बिघडण्यासारखं असतं तरी काय? एक पिंप, एक दार, हवेची झडप आणि छतातून बाहेर जाणारा पाइप. दोष बहुतेक वेळा ओल्या सरपणात असतो, नाहीतर ते पुरवून वापरण्यासाठी झडप लावून घेण्याच्या सवयीत.

लाकूड तापलं की त्याच्या सुक्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती हा वायू जळतो त्याची. त्याला नीट जळायला सुमारे 600 अंश सेल्सियसची धग आणि भरपूर हवा लागते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते उडवण्यात दहा-पंधरा टक्के उष्णता जाते. तेवढं एक वेळ सोसता येईल. मोठा तोटा पुढे आहे. विस्तव थंडावतो, वायू न जळताच पाइपात शिरतो आणि गार पत्र्यावर डांबर होऊन थिजतो. हा थर पेटला तर पाइप लालबुंद होतो आणि लाकडी छतालाही आग लागू शकते. म्हणून पाइप झाडताना काय निघतं ते बघावं. बोटांनी चुरगळणारी काजळी निघाली तर काळजी नाही. चकचकीत, कडक पापुद्रा निघाला तर सरपण ओलं आहे किंवा झडप फार वेळ बंद राहते. सांध्यांतून काळे ओघळ येत असतील तर पाइप उलटे जोडलेत. वरच्या पाइपाचं तोंड खालच्याच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे ओघळ आतल्या आत उतरतो.

झडप उघडी ठेवली तर सरपण भराभर संपतं, आणि डोंगरात ते स्वस्त नाही, असं कुणी म्हणेल. म्हणणं खोटं नाही. पण कोंडलेल्या आगीतलं बरंचसं लाकूड धूर होऊनच जातं; त्यापेक्षा बारीक फोडलेली, वर्षभर वाळवलेली थोडी लाकडं मोकळ्या हवेत जाळलेली परवडतात. पहाटे उठून पुन्हा पेटवावं लागतं, ही गैरसोय मात्र आहेच. दुसरी तक्रार खिडकीची: धूर जावा म्हणून ती उघडली तर ऊब जाते. पण तिला फट पाडताच धूर ओढला जाऊ लागला, तर पाइप बहुधा ठीक आहे, खोलीच हवाबंद झाली आहे, असं समजावं. निखारे धगधगत असताना झडप मिटून झोपणं तर सर्वांत वाईट, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. तो ओळखणारा अलार्म झोपायच्या खोलीत हवाच.