पडद्यावर ती कशी दिसते? पारलिंगी स्त्रिया आणि आपला कॅमेरा

पेणची आणि रोह्याची इतकी माणसं या विषयासाठी आली, बरं वाटलं.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. आपल्या रोहा गाडीत टाळी वाजवत येणाऱ्या तृतीयपंथी व्यक्ती तुम्ही पाहिल्या असतील. कुणी दहा रुपये देतं, कुणी खिडकीबाहेर बघतं. बोलणं काही होत नाही. मग त्यांच्याविषयी आपल्याला जे 'माहीत' असतं, ते येतं कुठून? बरंचसं पडद्यावरून येतं. आणि तेच डोक्यात ठेवून आपण ठरवतो, की भाड्याने खोली द्यायची की नाही, दुकानात कामाला ठेवायचं की नाही. म्हणून पडदा तपासायला हवा.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण सिनेमा बघताना इथेच घोटाळा होतो. पारलिंगी स्त्री म्हणजे जन्मावेळी मुलगा अशी नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती. हिजडा ही गुरू-चेल्याच्या नात्यांनी बांधलेली एक जुनी जमात आहे. प्रत्येक पारलिंगी स्त्री त्यात जातेच असं नाही. जोगता म्हणजे यल्लम्माला सोडलेला पुरुष. आणि तमाशातला नाच्या ही तर रंगमंचावरची भूमिका. चारही गोष्टी वेगळ्या. आपण मात्र सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो.

आता पडद्याकडे येऊ. १९९१ चा 'सडक' आठवा. सदाशिव अमरापूरकरांची महाराणी. आपल्या नगरच्या या थोर नटाला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळाला. काम जबरदस्तच होतं, पण एका पिढीच्या डोक्यात तृतीयपंथी म्हणजे कोठीवरची क्रूर बाई हे चित्र पक्कं बसलं.

मराठीत पुढे दोन महत्त्वाचे चित्रपट आले. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला राजीव पाटलांचा 'जोगवा' २००९ चा. त्यासाठी उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा २०१० चा 'नटरंग', दिग्दर्शक रवी जाधव. दोन्ही ताकदीचे. पण नीट बघा: दोन्हींत दुःख आहे ते पुरुषाचं, ज्याला बाईसारखं वागावं लागतं त्याचं. पारलिंगी स्त्रीचं दुःख नेमकं उलटं असतं. ती बाई आहे आणि तिला पुरुष म्हणून जगायला लावतात. 'जोगवा' बघून आपल्याला पारलिंगी स्त्री समजली असं म्हणणं म्हणूनच चूक आहे.

मग माहितीपटांचं काय? मुंबईच्या हिजड्यांवर २००१ मध्ये 'बॉम्बे युनक' आला. २००५ मध्ये थॉमस वार्टमान या जर्मन दिग्दर्शकाचा 'बिटवीन द लाइन्स' आला. त्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आहेत. एक लक्षात घ्या, दोन्ही बाहेरच्या लोकांनी केलेले. आपल्या दारातली माणसं टिपायला कॅमेरा परदेशातून आला. याच लक्ष्मी पुढे 'बिग बॉस'च्या घरातही दिसल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' खटल्यात पक्षकारही होत्या. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करणारा तो निकाल.

२०१७ ची विक्सची जाहिरात तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. एक मुलगी बसमधून जाताना आपल्या आईविषयी सांगते, आणि शेवटी कळतं की आई म्हणजे गौरी सावंत. आईला वाटतं मुलीने डॉक्टर व्हावं. मुलगी म्हणते, मी वकील होणार, आईला तिचे हक्क मिळवून द्यायला. काही मिनिटांचीच गोष्ट, पण त्यात टाळी नाही, आरशासमोरचा मेकअप नाही. डबा, शाळा, आईपण आहे. आणि गौरी सावंत तिथे स्वतःच होत्या.

२०२३ मध्ये त्यांच्याच आयुष्यावर 'ताली' ही मालिका आली. दिग्दर्शक पुन्हा रवी जाधव, मुख्य भूमिकेत सुश्मिता सेन. गौरींची गोष्ट घराघरांत पोचली, हे खरंच. पण प्रश्नही विचारला गेला: ही भूमिका एखाद्या पारलिंगी अभिनेत्रीला का नाही? लोक म्हणतात, 'अहो, नटाने काहीही करावं, तेच तर त्याचं काम!' बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात हे म्हणणं स्वाभाविक आहे. पण बालगंधर्वांना नायिकेचं काम मिळत होतं. पारलिंगी अभिनेत्रीला नायिकेचं मिळत नाही आणि तिच्या स्वतःच्या आयुष्याचंही मिळत नाही. मग तिने करायचं काय? अभिनय कुणाचा सरस हा मुद्दा नाहीच. मुद्दा रोजगाराचा आहे. सेट हीसुद्धा नोकरीची जागा असते. म्हणूनच झी मराठीच्या 'कारभारी लयभारी'त गंगा या पारलिंगी अभिनेत्रीला भूमिका मिळाली, ही बाब मला अनेक पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते. रोज संध्याकाळी जेवताना दिसणारा चेहरा हळूहळू शेजारचा होतो.

जरा रशियाकडे बघा. तिथे डिसेंबर २०२२ च्या कायद्याने सिनेमा, टीव्ही, जाहिराती सगळीकडे अशा आयुष्यांचं सकारात्मक चित्रण बंद झालं, आणि जुलै २०२३ मध्ये कागदोपत्री किंवा वैद्यकीय लिंगबदलावरही बंदी आली. म्हणजे माणूस आधी पडद्यावरून गेला, मग कागदावरून. आपल्याकडे पडदा मोकळा आहे. तो मोकळा असूनही आपण तेच ते दाखवत असू, तर दोष कायद्याला देता येणार नाही.

पेणकरांना वेगळं सांगायला नको: मूर्ती कितीही सुबक उतरली तरी डोळ्यांची आखणी बिघडली की सगळं गेलं. माणसाच्या चित्रणाचंही तसंच आहे. म्हणून यापुढे असं काही बघाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. ती स्वतः बोलते की तिच्याविषयी दुसरंच कुणी बोलतंय? कॅमेरा तिच्या शरीरावरच रेंगाळतो की तिच्या कामापर्यंत, घरभाड्यापर्यंत, म्हातारपणापर्यंत जातो? आणि या चित्रणातून तिला स्वतःला काय मिळालं, नाव, पैसे, पुढचं काम?

या तिन्हींची उत्तरं चांगली मिळायला लागली, की रोहा गाडीतला तो प्रसंगही बदलेल. कारण टाळी वाजवून पैसे मागणं हा अनेकींसाठी हौसेचा नव्हे, उरलेला एकमेव मार्ग असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.