खंड्याच्या ओसरीतलं पोतं

गेले सतरा दिवस ज्वारीचं एक रिकामं पोतं आमच्या मळ्यातून तेरणेकडच्या एका वस्तीवर जातंय आणि परत येतंय. त्या वस्तीवर कडब्याच्या गंजीच्या आडोशाला एक कुत्री व्यालीय. तिच्या पाच पिल्लांपैकी एक मादी आम्ही आणणार आहोत. पोतं एक रात्र त्या पिल्लांच्या अंगाखाली असतं आणि दुसऱ्या रात्री आमच्या ओसरीत, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, खंड्याच्या जागेपासून चार हात लांब. पिल्लांच्या वस्तीवर कुणाला उलटी-हगवण नाही, याची खात्री करूनच हे सुरू केलं.

पहिल्या दिवशी खंड्यानं पोत्याला लांबूनच नाक लावलं. पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट ताठ झाली, आणि पाय वर करून तो त्यावर मुतला. दुसऱ्या खेपेलाही तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला त्यानं नुसता वास घेतला आणि आपल्या जागेवर जाऊन पडला. कुत्र्याची ओळख नाकातून होते. आपण एखाद्याचं तोंड बघून ठेवतो तसं ते अंगाचा वास ठेवतं. म्हणून दुसरं कुत्रं घरात येण्याआधी त्याचा वास घरात येऊ द्यायचा. एवढी साधी गोष्ट आम्हाला तीन वर्षांपूर्वी माहीत असती तर एका पिल्लाचा कान वाचला असता.

तेव्हा आम्ही जेमतेम तीस दिवसांचं पिल्लू पिशवीत घालून आणलं होतं. तिन्हीसांजेला, खंड्याच्या भाकरीच्या वेळेला, त्याच्या ताटलीपासून दोन हातांवर ते खाली सोडलं. पिल्लू सरळ ताटलीकडं गेलं आणि खंड्यानं त्याचा कान फाडला. आम्ही खंड्यालाच काठीनं मारलं. नवव्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली आणि अकराव्या दिवशी ते गेलं. पार्व्हो होता. लस दिलेली नव्हती, कारण लस लागते हेच आमच्या डोक्यात नव्हतं. इतकी कुत्री आपोआप जगलेली पाहिली होती. जी मेली ती मोजली मात्र कधी नव्हती.

म्हणून या वेळी तयारीला दोन महिने घेतले.

दुसरं कुत्रं कशाला, असं गावातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. खंड्या आता दहा वर्षांचा आहे. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि पहाटे उठताना मागचे पाय लगेच धरत नाहीत. रब्बीची ज्वारी निसवली की रानडुकरं येतात, आणि खंड्या भुंकायला उठेपर्यंत दोन वाफे आडवे झालेले असतात. 2024 च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून तो चालत आला होता. त्या काळात या बाजूच्या वस्त्यांवर रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. खंड्या ते दिवस दारात बसून असायचा, मान वर, अंग थरथरत. त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी असावं, असं मला तेव्हापासून वाटतं. राखणीसाठी वाटतं, आणि त्याच्यासाठीही वाटतं.

काहींनी कारवानी आणायला सांगितलं. लातूरच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानीसाठी प्रसिद्ध आहे. लांब तोंड, बारीक कंबर, नजरेनं शिकार धरणारं ते कुत्रं मला फार आवडतं. पण ते पळण्यासाठी जन्मलेलं आहे. आमच्या चारी बाजूंनी ऊस, त्यात डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा. अशा ठिकाणी पळतं कुत्रं आणून त्याला साखळीला बांधणं मला पटेना. शिवाय खंड्याच्या पायांना त्याची धाव झेपली नसती. गावचं साधं पिल्लू बरं.

आणि मादी बरी. याला घरात सगळ्यात जास्त विरोध झाला. खेड्यात नर पिल्लं पहिल्या आठवड्यातच ठरलेली असतात. माद्या मागं उरतात, मग कुणीतरी त्यांना पोत्यात घालून रस्त्याकडेला किंवा देवळामागं सोडून येतं. वर्षातून साधारण दोनदा माजावर येणार, 63 दिवसांनी व्यायणार, ती पिल्लं कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मात्र रस्त्याची कड हे नाही, शस्त्रक्रिया हे आहे. वाढीच्या वयात डॉक्टर सांगतील तेव्हा ती करून घ्यायची, पैसे आताच बाजूला ठेवायचे, असं ठरवलं. म्हाताऱ्या नराशी मादीचं जमण्याची शक्यताही जास्त असते. दोन नर किंवा दोन माद्या असल्या की हद्दीवरून आणि मानावरून जास्त पेटतं.

माझे सासरे, मामा, यांचा विरोध वेगळाच होता. खंड्या त्यांचा. मामा विहिरीवर गेले की तो विहिरीवर, ते बाजेवर पडले की तो बाजेखाली. ते म्हणाले, "आगं, त्याला वाटंल आपलं संपलं. आता दुसरं आणायलेत म्हणून." यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. पुढचं सगळं काम मात्र त्या एका वाक्यावरच उभं राहिलं. नव्या पिल्लाची तयारी म्हणून जे करायचं होतं, त्यातलं तीन चतुर्थांश खंड्यासाठीच निघालं.

आधी त्याला दवाखान्यात नेलं. दुखणारं कुत्रं चिडकं होतं. पिल्लू अंगावर उडी मारणार, कान ओढणार, आणि सांधा दुखत असला तर म्हातारा चावणारच. डॉक्टरांनी मागचे पाय हळूहळू वाकवून बघितले. एका जागी खंड्यानं ओठ वर केला. दुखणं तिथं होतं. दातही बघितले. मागची एक दाढ किडलेली, ती काढावी लागली. सांध्यासाठी कुत्र्याचं औषध मिळालं. आपल्या घरातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, हे डॉक्टरांनी मामांकडं बघून दोनदा सांगितलं. पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याचं लिव्हर, पोट, मूत्रपिंड बिघडवू शकतं. रेबीजची वार्षिक लस दिली, जंताची गोळी दिली. औषधाच्या आठव्या-नवव्या दिवशी खंड्या स्वतःहून ओट्यावर चढला. मामा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्याच्या भाकरीत दूध जास्त होतं.

मग गोचीड. आमच्या गोठ्याच्या भिंती जुन्या, दगड-मातीच्या. अंगावरचे गोचीड काढले की काम झालं, असं आपण समजतो. खरे गोचीड भिंतीच्या फटींत असतात. रक्तानं टम्म फुगलेली मादी अंगावरून उतरते आणि फटीत जाऊन हजारांच्या घरात अंडी घालते. गोचीड ताप पिल्लाला झेपत नाही. दोन दिवस आम्ही सगळ्या फटी मातीनं बुजवल्या, वर चुना मारला, खंड्याच्या बसण्याची जुनी गोणपाटं जाळली. मागच्या वेळचं पिल्लू जिथं आजारी पडलं होतं ती फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासली. पार्व्होचा विषाणू ओल्या, सावलीच्या मातीत वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. आमच्याकडं तीन वर्षं उलटली आहेत, पण तो चपलांबरोबर आणि भटक्या कुत्र्यांबरोबरही येतो. म्हणून लशींचा हिशेब भिंतीवर लिहिला. सहा ते आठ आठवड्यांची असताना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या, आणि तीन महिन्यांची झाली की रेबीज. तोवर ती आमच्या हद्दीबाहेर जमिनीवर उतरणार नाही.

पिल्लू आईजवळ आठ आठवडे ठेवायचं, यावर वस्तीवरच्या मावशी जरा नाराज होत्या. त्यांना खाणारी तोंडं कमी करायची होती. आम्ही कुत्रीच्या खाण्याचा खर्च उचलला. आमच्या तेर गावात कच्च्या मडक्याची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं म्हटलं, हे तेरच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असतं. मावशींना मी तेवढंच म्हणाले, "तीस दिवसांचं पिल्लू कच्चं हाय मावशी." त्या हसल्या आणि कबूल झाल्या. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ सोडतं, आई दाबून धरते. दात किती लावायचा हे तिथंच शिकायचं असतं. आधीच उचललेलं पिल्लू ते शिकत नाही, आणि मग त्याला म्हातारं कुत्रं शिकवतं, फार कडक पद्धतीनं.

घराची मांडणी बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ओसरीचा पूर्वेकडचा कोपरा खंड्याचा आहे, तो त्याचाच राहणार. पिल्लासाठी गोठ्यालगतची खोली मोकळी केली, तिला फळ्यांचं अर्धं दार बसवलं, म्हणजे दोघं एकमेकांना बघतील, हुंगतील, पण पोचणार नाहीत. ओट्याची एक पायरी काढून टाकली. खंड्या वळसा घालून चढतो, पिल्लाला जमणार नाही. पिल्लाचा कंटाळा आला की खंड्याला उठून जायला एक जागा हवी. दोन जर्मनच्या ताटल्या, घराच्या दोन टोकांना. पाणी तीन ठिकाणी. एक मोकळं आणि दुसरं साखळीला, असं कधीच ठेवायचं नाही, कारण बांधलेल्याला पळून जाता येत नाही आणि मग ते दातानं बोलतं.

रानातल्या जागा मी कागदावर मांडल्या. विहिरीला कठडा आहे. शेततळ्याला नाही. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की पडलेलं जनावर पोहत राहतं आणि दमून बुडतं. काठावर दोन बाजूंनी काथ्याची जाळी पाण्यापर्यंत सोडली, आणि भोवती तुराट्यांचं कुंपण केलं. झटका मशीनची खालची तार घराकडच्या बाजूनं काढली. युरियाची पोती, फवारणीचे डबे, उंदराचं औषध, औषध लावलेलं बियाणं माळ्यावर गेलं. स्वयंपाकघरातही एक सवय मोडायची आहे. उरलेलं कोरड्यास कुत्र्याला टाकायचं नाही, कारण त्यातल्या कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्ताचं नुकसान होतं. आणि नुसती भाकर-दूध वाढत्या पिल्लाला पुरत नाही. अंडं लागतं, दूध पचलं नाही तर बंद करावं लागतं.

सगळ्यात अवघड तयारी मामांची होती. खंड्या गुरगुरला की मामा त्याला फटका मारतात, आयुष्यभर मारत आलेत. मी त्यांना डॉक्टरांचंच सांगितलं की गुरगुरणं म्हणजे तो बोलतोय. "लांब हो" म्हणतोय. ते बोलणं मारून बंद केलं तर तो पुढच्या वेळी न बोलता चावेल. मामा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मागं आपण त्यालाच मारलं." त्यानंतर ते मारत नाहीत. खंड्या मांजरावर गुरगुरला तर मांजराला उचलून बाजूला नेतात. हा बदल माझ्या डोळ्यांसमोर झाला, आणि मला तो सगळ्या चुन्या-मातीच्या कामापेक्षा मोठा वाटतो.

पहिली भेट घरात होणार नाही. तिची जागा ठरलीय, पांढरीच्या टेकाडालगतची आमची ज्वारी काढलेली पट्टी. जुन्या तगर नगराची ही माती, पहिल्या पावसानंतर इथं आजही खापरं आणि मणी वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू जमवल्या आणि त्यातून गावचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. या पट्टीवर खंड्या क्वचित जातो, त्यामुळं ती त्याची हद्द नाही. उजाडताना, दोघांची पोटं भरलेली असताना, मामा खंड्याला सैल दाव्यानं घेऊन पुढं चालतील. मुलगा पिल्लाला टोपलीत घेऊन बाजूनं, पंचवीस पावलं अंतर ठेवून चालेल. तोंडासमोर तोंड आणायचं नाही. चालता चालता अंतर कमी करायचं. खंड्याची शेपूट खाली सैल असेल, तो जमीन हुंगत असेल तर आणखी जवळ. शेपूट ताठ, नजर रोखलेली, तोंड बंद दिसलं तर पुन्हा लांब. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. घरात शिरताना खंड्या आधी, ती मागून. पुढचे दोन-तीन आठवडे माणूस जवळ नसताना दोघं एकत्र नाहीत. भाकर, पट्टा, हात, सगळं आधी खंड्याला.

मामांनी या सगळ्याची तीन वेळा तालीम केली, मुलाच्या टोपलीत ते पोतं ठेवून. तिसऱ्या खेपेला खंड्या टोपलीच्या बाजूनं चालत होता, नाक पोत्याकडं, दावं सैल.

परवा रविवारी ती आठ आठवड्यांची होते. काल रात्री पोतं ओसरीत ठेवायची पाळी होती. मी ते नेहमीच्या जागी, चार हात लांब ठेवलं. पहाटे धार काढायला उठले तर ते तिथं नव्हतं. खंड्यानं ते आपल्या कोपऱ्यात ओढून नेलं होतं आणि त्यावर हनुवटी टेकून झोपला होता. वस्तीवर न्यायची वेळ झाली म्हणून मी वाकले, तर मामा बाजेवरून म्हणाले, "राहू दे आज. दुसरं पोतं ने."