बिलासपूरचा ‘हाफ’ : चार ऑलिंपिक पदकांचे मानकरी लेस्ली क्लॉडियस

रायपूर : अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे धाडायचा, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. आघाडीच्या फळीपासून खेळाडू किती मागे उभा राहतो, यावरून क्वार्टरबॅक, हाफबॅक आणि फुलबॅक ही नावे पडली. हॉकीच्या जुन्या रचनेतील ‘हाफ’ याच कुळातला. या जागेवर खेळून चार ऑलिंपिक पदके मिळवणारे लेस्ली क्लॉडियस छत्तीसगडच्या भूमीतले होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

क्लॉडियस यांचा जन्म २५ मार्च १९२७ रोजी बिलासपूर येथे झाला. रायपूरपासून रेल्वेने सुमारे ११० किलोमीटरवरील हे शहर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. बिलासपूर हे बंगाल-नागपूर रेल्वेचे मोठे जंक्शन. क्लॉडियस रेल्वेशी घट्ट जोडलेल्या अँग्लो-इंडियन समाजातले. ते खेळत फुटबॉल. १९४६ मध्ये खरगपूर येथे डिकी कार यांनी त्यांना हॉकीकडे वळवले. कार हे १९३२ च्या सुवर्णविजेत्या भारतीय संघातील खेळाडू. त्यानंतर दोनच वर्षांत क्लॉडियस लंडन ऑलिंपिकच्या संघात होते.

त्या काळी पाच आघाडीवीर, तीन हाफ, दोन फुलबॅक आणि गोलरक्षक अशी रचना असे. क्लॉडियस उजवे हाफ. प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बगलेवरून येणारा हल्ला रोखायचा, चेंडू हिसकावायचा आणि लगेच आपल्या आघाडीला पुरवायचा, हे त्यांचे काम. क्वार्टरबॅकला सहकारी चेंडू आणून देतो. व्यावसायिक सामन्यांत तर शिरस्त्राणातील रेडिओवरून प्रशिक्षकाची सूचनाही मिळते. हाफला चेंडू आधी कमवावा लागे.

हे श्रम गुणफलकावर उमटत नाहीत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवले. त्यातील पाच गोल बलबीर सिंग यांचे. तोच विक्रम लक्षात राहिला. १९५६ मध्ये मेलबर्नला मात्र आकडेच बोलले : भारताने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० अशी मात केली.

चार वर्षांनी रोममध्ये कर्णधारपद क्लॉडियस यांच्याकडे आले. १९२८ पासूनची सलग सहा सुवर्णपदकांची परंपरा त्यांच्याच नेतृत्वाखाली खंडित झाली. पाकिस्तानने अंतिम सामना १-० असा जिंकला. तीन सुवर्ण आणि एक रौप्य ही त्यांची कमाई उधम सिंग यांच्या बरोबरीची आहे.

कोलकात्यात त्यांनी सीमाशुल्क विभागात नोकरी केली. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुत्र रॉबर्ट १९७८ च्या विश्वचषकात भारताकडून खेळले. त्याच वर्षी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियमवर ६ डिसेंबर २०१५ रोजी भारताने नेदरलँड्सला शूटआउटमध्ये नमवून जागतिक हॉकी लीगचे कांस्यपदक जिंकले. कर्णधार होते मधल्या फळीतले सरदार सिंग. तो सामना पाहायला क्लॉडियस नव्हते. २० डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले होते. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकनिमित्त तेथील रेल्वेचा विशेष नकाशा निघाला आणि त्यात ध्यानचंद व रूपसिंग यांच्याबरोबर या रेल्वेच्या गावातल्या खेळाडूचेही नाव एका स्थानकाला देण्यात आले.